व्यसन, हिंसा आणि मित्राचे कर्तव्य
(ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



व्यसनांचे दुष्परिणाम आपण शाळेपासून ऐकत आला आहात. त्यांची उजळणी करण्यासाठी मी येथे उभा नाही. मला बोलावयाचे आहे ते व्यसनात सापडलेल्या मुलाविषयी नव्हे, तर त्याच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मित्राविषयी.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही प्रामुख्याने नोकरदारांची शहरे. अनेकांचे आईवडील सकाळच्या लोकलने मुंबई गाठतात आणि दिवेलागण झाल्यावर परततात. मुलांचा दिवस जातो तो वर्गात, क्लासमध्ये, फलाटावर आणि गाडीच्या डब्यात. म्हणजेच मित्रांच्या संगतीत. त्यामुळे पाऊल वाकडे पडले, की ते प्रथम मित्रांना दिसते. डोंबिवलीचे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "मुलगा गर्द ओढतो हे त्याच्या तिघा मित्रांना ठाऊक होते. मला कळले तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती." ते मित्र वाईट नव्हते. मौन पाळणे म्हणजेच मैत्री निभावणे, अशी त्यांची समजूत होती.

ही समजूत चुकीची कशी, हे पाहू. १९८० नंतरच्या दशकात गर्दने मुंबई-पुण्यातील तरुणांना विळखा घातला, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी अर्थसाहाय्य देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा येथे 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी तेथे एक गोष्ट सातत्याने मांडली : व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणूस तिरस्कारास नव्हे, उपचारास पात्र आहे. मित्राला कावीळ झाली तर आपण ती त्याच्या घरापासून लपवीत नाही. मग हाच आजार का लपवावा?

पोलिसांचे भय अनेकांना गप्प बसविते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ जाणून घ्या. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाशी संबंधित आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत. विक्री करणाऱ्यास कायदा कठोर आहे. बरे होऊ पाहणाऱ्यास त्याने दार उघडे ठेवले आहे.

हिंसेच्या बाबतीतही हेच मौन घातक ठरते. रॅगिंग करणारे दोघे-तिघे असतात, पाहणारे मात्र वीस-पंचवीस. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षे अन्य संस्थेतही प्रवेश मिळत नाही. तक्रारीची चौकशी सात दिवसांत करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. तथापि, तक्रारच झाली नाही तर हा कायदा कागदावरच राहतो.

या संदर्भात एक जुना धडा स्मरणात ठेवावा. महाविद्यालयीन निवडणुकांत हाणामाऱ्या वाढत गेल्या. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली. अखेर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुका थांबल्या. त्यांची तरतूद कायद्यात पुन्हा आली ती २०१६ मध्ये. मूठभरांच्या दांडगाईची किंमत कित्येक वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आपले मत गमावून मोजली.

म्हणून माझी विनंती एवढीच, की मित्र बदललेला दिसला, वर्ग चुकवू लागला, पैसे उसने मागू लागला, तर त्याच्याशी एकांतात बोला. तो ऐकत नसेल, तर विश्वासातील प्राध्यापकांना किंवा त्याच्या घरी सांगा. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करीत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि रॅगिंगविरोधात १८००-१८०-५५२२ हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहेत. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कदाचित मित्र चार दिवस आपल्याशी बोलणार नाही. तो अबोला सोसण्याचे धैर्य आपण दाखवावे. त्या गृहस्थांच्या मुलाच्या तिघा मित्रांपैकी एकाने जरी ते दाखविले असते, तर एका घराची दोन वर्षे वाचली असती.