पाळकांसाठी दोन शब्द

आजचं बोलणं पाळक, सुवार्तिक आणि पंचांसाठी; त्यातही ज्यांना अलीकडे सेवा सोडून द्यावीशी वाटते त्यांच्यासाठी.

धीर द्यायचा म्हटलं की आपण मिशनरी विल्यम कॅरींचं नाव घेतो. मराठीचं व्याकरण १८०५ साली आणि मोडीत छापलेला कोश १८१० साली त्यांनीच श्रीरामपूरहून काढला. (हे श्रीरामपूर आपल्या नगरकडचं नव्हे, बंगालमधलं.) पण आपण सांगतो ती कॅरींच्या यशाची गोष्ट, आणि ती ऐकून थकलेला पाळक आणखीच खचतो.

त्याआधीची वर्षं पाहा. १७९३ साली ते बंगालमध्ये उतरले. पोटासाठी निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला. पत्नी डोरोथीबाईंचं मन बिघडलं, ते शेवटपर्यंत सावरलं नाही. पहिला स्थानिक विश्वासी, कृष्ण पाल हा सुतार, त्याचा बाप्तिस्मा झाला तो १८००च्या डिसेंबरात. तोवर सात वर्षं अहवालात लिहायला काही नाही! आपल्या पंचमंडळानं असा अहवाल किती वर्षं ऐकून घेतला असता?

मग बदललं काय? कॅरींचा विश्वास काही एका रात्रीत वाढला नव्हता. मार्शमन आणि वॉर्ड हे मिशनरी सोबतीला आले. पंगत एक, पैसा एकत्र, आणि आठवडाभराची कुरबुर शनिवारी संध्याकाळी बसून मिटवायची. ११ मार्च १८१२ला त्यांचा श्रीरामपूरचा छापखाना पेटला. हस्तलिखितं गेली, टाइप गेले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होते. तरी काम थांबलं नाही. ढिगाऱ्यात अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सापडले, वितळलेल्या धातूचे टाइप पुन्हा ओतले गेले, आणि कॅरी जळालेलं भाषांतर नव्यानं लिहायला बसले. निळीच्या कारखान्यावरच्या एकट्या कॅरींना हे झेपलं असतं, असं मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र त्यांचा कित्ता गिरवू नका. त्यांच्या सेवेचा भार डोरोथीबाईंनी न मागता वाहिला, आणि त्याबद्दल आपण व्यासपीठावरून फारसं बोलत नाही.

तेव्हा पाळकसाहेब, एकटे राहू नका; या आठवड्यात शेजारच्या मंडळीच्या पाळकांकडे चहाला जा. पंथ वेगळा असला तरी जा. उपस्थिती आणि वर्गणीचे आकडे घरी ठेवा. काय जड जातंय तेवढं सांगा. आणि पंचांनो, पाळकांच्या सुटीच्या दिवशी त्यांचा फोन वाजवू नका. मयत असेल तर गोष्ट वेगळी. छपराच्या गळतीचं मंगळवारी बोलता येईल.