दहा दिवस कोण देणार?

आम्ही भाईंदरहून बोलतोय. भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या रस्त्याने गोराईकडे निघालं, की झाडांच्या वर एक सोनेरी घुमट दिसतो. तो विपश्यना पॅगोडा. ३०० फुटांहून उंच आहे. आत एकही खांब नाही आणि एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. हा पॅगोडा ज्यांच्या प्रेरणेने उभा राहिला, त्या सत्यनारायण गोएंका गुरुजींची गोष्ट आज सांगायची आहे.

गुरुजींचा जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशातल्या मंडाले गावचा. घराणं मारवाडी, व्यापारी. पैसा होता, मान होता, पण डोकं भयंकर दुखायचं. अर्धशिशी! मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातले मोठमोठे डॉक्टर झाले, तरी गुण येईना.

कुणीतरी त्यांना रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पाठवलं. हे सरकारी हिशेब खात्यातले मोठे अधिकारी, संसारी माणूस आणि ध्यान शिकवणारे. त्यांनी आधी नकारच दिला. नुसती डोकेदुखी घालवायला ही विद्या नाही, मन स्वच्छ करायचं असेल तर या, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १९५५ साली गोएंका दहा दिवस बसले. त्यानंतर चौदा वर्षं ते गुरूंजवळ शिकत राहिले. त्यांच्या पत्नी इलायचीदेवीही तिथेच शिकल्या.

१९६९ साली गुरुजी भारतात आले. आई आजारी होती. तिच्यासाठी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा जेमतेम चौदा माणसं होती. पुढे १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं. तिहार तुरुंगातल्या कैद्यांपर्यंत ही विद्या गेली. इलायचीदेवी, म्हणजे माताजी, शिबिरात त्यांच्या शेजारी बसत. २०१२ मध्ये गुरुजींना पद्मभूषण मिळालं, २०१३ मध्ये ते गेले.

शिबिरात काय असतं? पहाटे चारला घंटा. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, मोबाईल नाही. आधी फक्त येणारा-जाणारा श्वास बघायचा. मग अंगावर कुठे दुखतं, कुठे मुंग्या येतात, ते बघायचं, पण वैतागायचं नाही. बायकांची राहण्याची सोय वेगळी. जात-धर्म कुणी विचारत नाही, धर्म बदलायला सांगत नाही. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचं.

पैसा लागत नाही, मग अडतं कुठे? दिवसांवर अडतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरांना या शिबिरासाठी रजा मिळते. आपल्याला रजा कोण देणार? म्हशीचं दूध, पोरांचे डबे, सासूबाईंची औषधं, सगळं आपल्याच अंगावर. आपलं डोकं दुखलं तर आपण गोळी घेतो आणि पुन्हा चुलीपुढे बसतो.

म्हणून आम्हाला एक सुचवायचं आहे. बचत गटात आपण पैशांची पाळी लावतोच, तशी दिवसांची लावूया. एक जण शिबिराला गेली, की बाकीच्यांनी तिचं घर वाटून घ्यायचं. कुणी दूध काढेल, कुणी पोरांना जेवू घालेल. पुढच्या वेळी दुसरीची पाळी. घरच्या पुरुषांनाही चार कामं नेमून द्या, जमतात त्यांना!

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ध्यान म्हणजे डॉक्टरला पर्याय नाही, चालू औषध बंद करू नका. मनाचा मोठा आजार असेल, तर असं शिबिर झेपत नाही; अर्जात आजार लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दहा दिवस मिळेपर्यंत? गटाच्या बैठकीत हिशेबाआधी दहा मिनिटं डोळे मिटून बसा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघा. मन भाजी-भाकरीकडे पळेल. पळू द्या, पुन्हा श्वासावर आणा. मग वही उघडा आणि पहिली पाळी कुणाची, ते त्याच बैठकीत लिहून टाका.