रोग्याची नोंद आणि तिचे राखणदार

(वडगाव निंबाळकर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



त्र्यंबकेश्वरी गेले असता तीर्थोपाध्याय आपली वही उघडून पणजोबांची स्वाक्षरी दाखवितात. परंतु ते पणजोबा कोणत्या विकाराने गेले, हे घरात कोणासही सांगता येत नाही. वंशाची नोंद आपण जपली, देहाची जपली नाही. आज ती जपण्याची सोय झाली आहे आणि त्या कामात आपल्या मुलामुलींस मानाचा उद्योगही आहे, एवढेच मला निवेदन करावयाचे आहे.

गळीत हंगामात बीडकडील ऊसतोडणीची कुटुंबे आपल्या शिवारात येतात. त्यांतील एखाद्या गर्भवतीचे तपासणीचे कागद गावी पेटीतच राहतात. अडल्या वेळी डॉक्टरांस सारे नव्याने तपासावे लागते, आणि त्यात गेलेली घटका कधी जिवावर बेतते. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू केले. त्यात ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक मिळतो. नोंद जेथे झाली त्या रुग्णालयातच राहते. रोग्याने संमती दिली तरच ती दुसऱ्या डॉक्टरांपुढे जाते.

कोणी म्हणतील, ही तर कारकुनी! तसे नाही. उसाच्या फडात सर्पदंश झाला, तर एक जण ‘सर्पदंश’ लिहील, दुसरा ‘पान लागले’ लिहील, तिसरा इंग्रजी शब्द घालील. यंत्राला हे तीन निरनिराळे आजार वाटतील. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सर्पविषबाधेस टी६३.० अशी एकच खूण दिली आहे. डॉक्टरांचे टिपण वाचून नेमकी खूण लावण्यास शरीरशास्त्र, रोगांची परिभाषा आणि संगणक या तिन्हींचे ज्ञान लागते. खुणा बरोबर असल्या, तरच कोणत्या गावी सर्पविषावरील लस किती ठेवावी हे ठरविता येते.

अशा नोंदींचे मोल आपल्याच जिल्ह्याने दाखविले आहे. १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या डॉ. बानू कोयाजी यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयामार्फत वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम रुजविले. तेथे २००२ पासून २२ गावांतील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर जाऊन नियमित नोंद घेण्यात येऊ लागली.

२०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने आरोग्य-माहिती व्यवस्थापनास स्वतंत्र व्यवसायगट म्हणून मान्यता दिली आहे. रुग्णालयांच्या नोंद-विभागांत, विमा कंपन्यांत आणि परदेशी रुग्णालयांच्या खुणा लावणाऱ्या कचेऱ्यांत ही कामे असतात. मात्र सोपी कामे आता यंत्रे करू लागली आहेत. यंत्राची चूक पकडणाऱ्यासच पुढे किंमत राहील. म्हणून ‘तीन महिन्यांत हमखास नोकरी’ अशा जाहिरातींस पालकांनी भुलू नये. अभ्यासक्रमाची मान्यता पाहूनच फी भरावी.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यात सोयरीक जुळविताना घराण्याची चौकशी होते. मुलीला लहानपणी फेफरे येत असे, किंवा तिच्या पित्याला क्षय झाला होता, एवढा एक कागद फुटला तर जमलेले लग्न मोडते. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण कायद्याच्याही आधी नोंद राखणाऱ्याचे तोंड बंद असावे लागते. आप्तांनी विचारले, तरी न सांगणे हाच त्याचा धर्म होय. दुसऱ्या बाजूने, आपणही असे प्रश्न त्याला विचारू नयेत.

शेवटी एक विनंती. आपल्या शिष्यवृत्त्या डॉक्टर व इंजिनिअर होणाऱ्यांकडे वळतात, ते योग्यच आहे. त्यांतील एक तरी या शास्त्राकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यास, शक्यतो विद्यार्थिनीस, द्यावी. आणि प्रत्येक घराने औषधांची नावे, रक्तगट व न सोसणारी औषधे एका वहीत आजच लिहून ठेवावीत. त्यासाठी कोणत्याही यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.