मुलांच्या वाढीचे रक्षण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलगा वयात यायला उशीर लागला, की ‘वडिलांच्या वळणावर गेला’ म्हणून मीही आजवर सोडून देत असे.

केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वीसहून अधिक वर्षे आकाशातून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तेथील एका गावचे ११७ मुलगे तपासले. २००३ साली निष्कर्ष छापून आला: फवारणी नसलेल्या गावच्या मुलांपेक्षा यांचे वयात येणे मागे पडले होते, पुरुषत्वाचा अंतःस्रावही वयाच्या मानाने कमी होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते औषध बंद केले. तोवर त्या मुलांचे बालपण सरले होते.

विनंती एवढीच: घरात झुरळांचे औषध मारताना मुलांना बाहेर ठेवा. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला, तरी त्यात धान्य भरू नका.