टेबलामागचा माणूस



मागे वडिलांच्या जमिनीची वारसनोंद करायला गावी गेले होते. अर्ज देऊन तीन आठवडे झाले, काही हललं नाही. मग मामांनी 'वर' एक फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी कागद पुढे सरकले. मी खूश! निघताना तलाठी भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचा अर्ज नंबराने लावला होता, या आठवड्यात आलाच असता. ज्यांचे पुढे होते त्यांना आता मी काय सांगू?" ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

वशिल्याबद्दल बोलताना आपण रांगेतल्या माणसाचा विचार करतो, टेबलामागच्याचा नाही. एरन विगोदा या इस्रायली अभ्यासकाने तिथल्या सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांवरचा निबंध २००० साली प्रसिद्ध केला. कचेरीत राजकारण चालतं असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं कामातलं समाधान कमी होतं. नोकरी सोडण्याचा विचार वाढलेला होता, पण त्याहून ठळक होतं ते कामाकडे दुर्लक्ष. (असमाधानी माणसाला सगळीकडे राजकारणच दिसतं, अशी शंका घेता येईल. मीही प्रयोगशाळेतली, मलाही ती आली.) आपल्याकडे तर सरकारी नोकरी सोडतो कोण? माणूस खुर्चीतच राहतो आणि मनातून काम सोडून देतो.

महाराष्ट्रात यातलं मोठं हत्यार म्हणजे बदली. २००५ च्या कायद्याने एका पदावर साधारण तीन वर्षं ठरवून दिली, पण खास कारण लेखी नोंदवून मुदतीआधी हलवण्याची वाटही ठेवली. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांच्या २०१२ च्या अभ्यासात देशभरातल्या आयएएस अधिकाऱ्यांचा एका पदावरचा काळ सरासरी १६ महिने निघाला. मुख्यमंत्री बदलला की बदल्या वाढतात, हेही दिसलं. काही अधिकारी कौशल्यावर भर देतात, काही निष्ठेवर. दोन्ही रस्ते चांगल्या पदापर्यंत पोचतात. हे खालचा कारकून रोज पाहतो. मग त्याने नंबर कशासाठी पाळायचा?

आणि फोन करणारे आपणच. दोन आठवड्यांची रजा, परतीचं तिकीट काढलेलं, म्हणून आपलं काम 'अर्जंट'. इथे लायसन्सच्या रांगेत मात्र आपण निमूट उभे राहतो.

बहिणीच्या कागदांसाठी मला पुन्हा जायचं आहे. मामांनी विचारलं, "फोन करून ठेवू का?" मी नको म्हटलं. तिकीट सहा आठवड्यांचं काढलंय. मामा रुसलेत.