काढा हेही औषधच
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



शाळेच्या आठवणी सगळ्यांनीच सांगितल्या. मला मिळालेल्या पाच मिनिटांत मी माझ्या यकृताची गोष्ट सांगतो.

२०२० साली करोनाच्या भीतीने घरोघरी काढे उकळत होते. आमच्या कुंपणाच्या कडुनिंबावर गुळवेल चढली होती. तिचा तुकडा ठेचून, उकळून मी रोज सकाळी पेलाभर काढा घेत असे. त्याची कृती आपल्या ग्रुपवर टाकणाराही मीच. चार महिन्यांनी भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले. बिलिरुबिन १४ वर गेले.

डॉक्टरांनी विचारले, "औषधे कोणती चालू आहेत?"

"काही नाही."

विषाणूंच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही सापडले नाही. दारूला मी शिवत नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, रोज तो काढा घेता ना?"

विज्ञानाच्या बाई इथे समोर बसल्या आहेत. प्रयोगवहीत 'साहित्य' लिहिताना एक वस्तू राहिली तरी त्या वही परत करायच्या. बाई, पन्नाशीतही माझी वही अपुरीच निघाली!

काढा बंद केला. तपासण्या पूर्ववत व्हायला चार महिने लागले.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे असेच सहा रुग्ण आढळले. २०२१ मध्ये त्यांनी ती नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. मला त्या वादात पडायचे नाही. पण माझ्या झाडावरची वेल तरी नक्की कोणती, हे मी कुठे कुणा जाणकाराला दाखवले होते?

अशी अदलाबदल किती महाग पडते, ते बेल्जियममध्ये दिसले. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी अरिस्टोलोकिया जातीची मुळी गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे बिघडली. अनेकांवर डायलिसिसची वेळ आली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पण ज्यात गुण देण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही असते. आपण साठीकडे झुकलो आहोत. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी बहुतेकांना आहे. काढा, चूर्ण, भस्म घ्यायचेच असेल तर शिकलेल्या वैद्याच्या सल्ल्याने घ्या आणि आपल्या डॉक्टरांनाही सांगा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा पायांवर सूज आली, तर एक दिवसही थांबू नका.

आणि ग्रुपवरची ती कृती कुणी उतरवून घेतली असेल, तर कृपया फाडून टाका. ती घेऊन कुणाला त्रास झाला असेल, तर आज जेवणाच्या वेळी मला भेटा. मला माफी मागायची आहे.