परवलीचा शब्द

ग्रंथसूची म्हणजे ग्रंथालयाची किल्ली. पण ती किल्लीच कुलपात अडकली तर? नॉर्वेतील इवार ओसेन भाषा-संस्कृती केंद्रावर २००२ साली हाच प्रसंग ओढवला. भाषापंडित रायदार यूपेदाल यांच्या संग्रहातील सुमारे ११,००० ग्रंथांच्या नोंदी संगणकात होत्या. परंतु त्या करणारा सूचीकार परवलीचा शब्द कोणासही न सांगता निवर्तला होता. ग्रंथ सारे जागेवर, सूची मात्र बंदिस्त! अखेर केंद्राने, संकोच न बाळगता, जाहीर आवाहन केले. थोड्याच वेळात उत्तर सापडले. तो शब्द म्हणजे संग्राहकाचेच आडनाव, उलट क्रमाने टंकलेले! असले कुलूप चोराला कितपत अडविते, हा प्रश्न वेगळा. केंद्रातील माणसे मात्र त्यापुढे थकली होती.